फोन ठेवायचा सराव

शुक्रवार, ९ जानेवारी २०२६
नळ उशिरा आला, पाणी गढूळ. तुरीच्या शेंगा घेतल्या, कोवळ्या निघाल्या. उर्वशीचा हैदराबादहून फोन, बीपीच्या गोळीची चौकशी. दुपारी राजकुमार आडे आला. फार वाळला आहे. चहा घेतला, बिस्किटाला हात लावला नाही. सोबत कॉलेजच्या निकिता गावंडे होत्या. विद्यापीठाची समिती पुढच्या आठवड्यात येणार. मी मदत करीन असं म्हटलं.

यशोधराबाई मुनेश्वरांची डायरी अशीच असे. शाळेत असताना सिस्टर ब्रिजिट रोज संध्याकाळी मुलींकडून दिवसाच्या घडामोडी लिहून घेत. काय झालं ते लिहायचं, काय वाटलं ते देवाला ठाऊक असतं, असं त्या म्हणत. नागपूरची ती शाळा सुटली, नोकरी झाली, लग्न झालं, वीज मंडळातले मुनेश्वर साहेबही गेले, पण ही सवय राहिली. त्यामुळे राजकुमार काय बोलला ते त्या दिवशीच्या पानावर आलं नाही.

यवतमाळात त्यांच्या पुढच्या खोलीत बरीच वर्षं इंग्रजी संभाषणाचा वर्ग चाले. बाभुळगाव, घाटंजी, नेर अशा ठिकाणांहून मुलं एसटीने येत. राजकुमार नेरजवळच्या तांड्यातला. वडील ऊसतोडीला जात आणि एका वर्षी तिकडूनच आजार घेऊन आले. ते गेल्यावर आई मैनाबाई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची आणि मुलगा कॉलेजात संगणक शिकत होता. तांड्यातला तो पहिलाच. वर्गात पहिल्या दिवशी बाईंनी त्याला उभं केलं आणि नव्या माणसाला इंग्रजीत भेटायला सांगितलं. त्यानं हात जोडले आणि विचारलं, "सर, हॅव यू ईटन?"

अख्खा वर्ग हसला. बाईसुद्धा.

"इंग्रजीत असं विचारत नाहीत राजकुमार. हाउ डू यू डू म्हणायचं."

"मंग तो उपाशी असला तं कसं समजन, मॅडम?"

पुढे त्याचं इंग्रजी इतकं चांगलं झालं की फोनवर ऐकणाऱ्याला तो कुठला हे ओळखू येत नसे. बाईंना त्याचा अभिमान होता. पदवी झाल्यावर तो बसस्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात लागला. तिथे त्याला कोणीतरी परदेशातल्या नोकरीची जाहिरात पाठवली. संगणकावर बसायचं काम, राहणं-जेवण फुकट, अट एकच, इंग्रजी उत्तम हवं. जाताना तो पेढे घेऊन पाया पडायला आला होता.

आणि आता तो समोर बसला होता. खुर्चीच्या कडेवर, जणू कोणी कधीही ऊठ म्हणेल.

निकिता गावंडे त्याच्या कॉलेजातल्या शिक्षिका. बोलणं भरभर, काम त्याहून भरभर. कॉलेजच्या जुन्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत विद्यापीठाचं सायबर सुरक्षा प्रशिक्षणाचं विभागीय केंद्र सुरू व्हावं म्हणून त्या दीड वर्ष धडपडत होत्या. ओटे फोडून टेबलं बसवली होती. संगणक खोक्यांतच होते. दारावरची पाटीसुद्धा रंगवून तयार होती, पण मंजुरी येईपर्यंत तिच्यावर वर्तमानपत्र चिकटवून ठेवलं होतं.

"बाई, जिल्ह्यात रोज कोणीतरी फसतंय," निकिता म्हणाल्या. "पोलीस, बँकवाले, बचत गटाच्या बाया, सगळ्यांना इथेच शिकवायचं. नाहीतर प्रत्येक वेळी अमरावती नाहीतर नागपूर गाठा. पण समितीला नुसत्या खोल्या नकोत. तुमच्याकडे शिकवणारं कोण आहे, ते विचारतात. आणि राजकुमारसारखा माणूस विद्यापीठात कुठेच नाही."

"सारखा म्हणजे?"

निकिता राजकुमारकडे बघू लागल्या. तो खिडकीकडे बघत होता.

"मी तथी होतो मॅडम," तो म्हणाला. "जे लोक फोन करतात ना, फसवाले. त्याइच्यात."

मग तुकड्यातुकड्यानं तो सांगत गेला. विमानतळावर गाडी आली. गाडी शहराकडे गेलीच नाही. मध्ये एक नदी लागली, ती होडीनं ओलांडवली. पलीकडे भिंत, भिंतीवर तारा, आत एखाद्या एमआयडीसीसारख्या इमारती. पासपोर्ट आणि मोबाइल काढून घेतले. ओळीनं संगणक, ओळीनं पोरं, बरीचशी आपल्याच देशातली. कानाला हेडफोन लावून द्यायचे आणि समोर कागद. कागदावर पोलिसाचं बोलणं लिहिलेलं. ठरलेला आकडा झाला नाही की उभं ठेवायचे, मारायचे, जेवण बंद.

"मले जमत नव्हतं. लोक ठेवून द्यायचे फोन. मी उपाशी राहो. एक दिवस असाच एक म्हातारा लागला, आपल्याच इकडला. चक्कर येऊन राह्यली होती मले. कागदावर काय आहे ते दिसे ना. तोंडातून निघून गेलं, आजोबा, जेवण झालं का तुमचं?"

त्यानं कप बाजूला सरकवला.

"म्हातारा रडला, मॅडम. म्हणे, पोरा, तीन दिवसांत कोणी इचारलं नाही. मंग त्यानं सगळं सांगतलं. जे इचारलं ते."

"आणि?"

"मागं सुपरवायझर ऐकून राह्यला होता. त्यानं दुसऱ्या पोराकडून अर्थ समजून घेतला. दुसऱ्या दिवशी ते वाक्य सगळ्याइच्या कागदावर छापून आलं. हिंदीत, तेलुगूत, सगळ्यात. अन् मले त्या दिवशी पोटभर भात भेटला."

निकितांनी हे आधी ऐकलं असावं. त्यांनी कप उचलून ट्रेमध्ये ठेवले.

नंतर तिकडच्या सैन्यानं त्या इमारतींवर धाड घातली, आणि सरकारनं पोरांना विमानानं परत आणलं. जबाब झाला. साक्षीदार धरायचं की आरोपी, याचा निर्णय अजून झालेला नाही. दर महिन्याला ठाण्यात हजेरी. गाव सोडायचं तर सांगून. तांड्यातले लोक विचारतात, काय आणलं रे तिकडून? तो हसतो. मैनाबाईला, त्याच्या याडीला, एवढंच माहीत आहे की मालकानं पगार दिला नाही.

"याडी रोज इचारते, जेवलास का रे. मी उठून बाहेर चालला जातो. तिले वाटते मी रागावलो."

केंद्राचं गणित निकितांनी मांडलं. समितीपुढे राजकुमारनं एक फोन करून दाखवायचा. खरा नाही, ठरवून केलेला. सभागृहात स्पीकरवर सगळे ऐकतील. तसं झालं तर केंद्र होईल, राजकुमार तिथे सहायक प्रशिक्षक होईल, आणि कॉलेजचं पत्र ठाण्यात गेलं की त्याच्याकडे बघायची नजरही बदलेल. नाही झालं तर केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात जाईल. तिथलं कॉलेज टपून बसलेलंच होतं.

"पण फोन करायचा कोणाला?" बाईंनी विचारलं.

"तो म्हणतो, अनोळखी माणसाला करणार नाही. केला तर तुम्हालाच."

राजकुमारनं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमी नाही फसणार, मॅडम. म्हणून."

बाईंनी हो म्हटलं. त्यात मदत करायची इच्छा होती आणि थोडा तोराही होता. आपण फसणार नाही हे त्यांनाही खरंच वाटत होतं.

समितीच्या दिवशी बाई सकाळपासून तयारीत होत्या. फोन चार्ज करून टेबलावर ठेवला. निकितांनी एक खोटा आधार क्रमांक दिला होता, एकच अंक बारा वेळा, पाठ करायचीही गरज नाही असा. बाईंनी मनात इंग्रजी वाक्यं रचून ठेवली होती. तुमचं पद काय, तुमचं कार्यालय कुठे, लेखी नोटीस का नाही. त्या इतक्या गुंतल्या की सकाळचा वरण-भात ओट्यावर तसाच गार झाला.

फोन आला.

"अ‍ॅम आय स्पीकिंग टु मिसेस यशोधरा मुनेश्वर?"

आवाज भारदस्त, शब्द स्वच्छ. प्रत्येक शब्दावरचा जोर जिथे हवा तिथे. तो जोर त्यांनीच त्याला शिकवला होता, टेबलावर पेन्सिल आपटून आपटून. क्षणभर बाईंना बरंच वाटलं. त्याच थाटात त्यांनी उत्तर दिलं. त्यानं सांगितलं की त्यांच्या नावानं पाठवलेल्या पार्सलमध्ये आक्षेपार्ह वस्तू सापडल्या आहेत. त्यांनी पद विचारलं. त्यानं सांगितलं. कार्यालय विचारलं. तेही सांगितलं. लेखी नोटीस कुठे आहे, असं त्यांनी विचारलं तेव्हा पलीकडे तो अडखळला. फोनमधून सभागृहातलं कोणाचं तरी हसणं ऐकू आलं, आणि कोणीतरी म्हणालं, "म्हातारी हुशार आहे राव!"

बाईंनी पदर सारखा केला. जिंकल्यासारखं वाटत होतं. त्याच वेळी त्यांच्या मनात आलं, मी जिंकले तर हा हरतो. केंद्र जातं, पत्र जातं. त्या काही बोलणार होत्या, तेवढ्यात पलीकडे मोठा श्वास ऐकू आला.

"आजी," तो म्हणाला.

त्यानं त्यांना कधीही आजी म्हटलं नव्हतं.

"आजी, आवाज बसून राह्यला तुमचा. जेवल्या नाही का अजून?"

आवाज बदलला होता. त्यात अधिकारी नव्हता, इंग्रजी नव्हतं. शेजारच्या ओसरीवरून कोणी हाक मारावी तसा होता. मुलगी उर्वशी रोज फोन करी, पण ती गोळी विचारी. बाईंच्या लक्षात आलं की साहेब गेल्यापासून हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "राहूनच गेलं."

"असं नका करू. आधी दोन घास खाऊन घ्या. मी लाइनवर थांबतो. फक्त दार लावून घ्या, कोणी आलं तं उगाच तुमच्यावर येईन."

हे सगळं ठरवलेलं आहे, हे बाईंना माहीत होतं. तरी त्या उठल्या. दार लावलं, कडी घातली. ओट्यावरून ताट आणलं, फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवला आणि गार वरण-भात कालवला. तो थांबला होता. खरोखर थांबला होता. मधूनच विचारत होता, पाणी घेतलं का, मीठ बरोबर आहे का.

"कोणाले सांगू नका हं आजी. पोरीलेही नाही. तिचंही नाव येईन यात."

"नाही सांगत."

"आता तेवढा आधारचा नंबर सांगून द्या, म्हणजे मी इथून तुमचं नाव काढून टाकतो."

बाईंनी सांगायला सुरुवात केली. आणि सांगता सांगता त्यांना कळलं की आपल्या तोंडून खरा क्रमांक निघतोय. कळलं, तरी थांबता आलं नाही. माणूस इतका वेळ थांबला होता, त्याला अर्धवट कसं सोडायचं?

"बस! बस बाई, थांबा!" मागून निकितांचा आवाज आला, घाबरलेला. आणि मग टाळ्या. खूप टाळ्या. खुर्च्या सरकल्या, कोणीतरी वयस्क आवाजात म्हणालं, "अप्रतिम. अगदी अप्रतिम. हेच हवं."

फोन कोणी बंद केला नाही. स्पीकरमधून कपबशा वाजल्याचं ऐकू येत होतं. लोक बोलत होते, हसत होते. बाई कडी लावलेल्या घरात हातात घास घेऊन बसल्या होत्या. लाल बटण समोर दिसत होतं. दाबावं, इतकं सोपं. पण सिस्टर ब्रिजिट म्हणत, समोरचा बोलायचा थांबेपर्यंत पाठ फिरवायची नाही. आणि पलीकडे कोणीतरी अजून होतं. श्वास ऐकू येत होता. तो राजकुमारचा आहे हे त्या ओळखत होत्या. शेवटी कोणीतरी तिकडून फोन कापला.

त्यानंतरही बराच वेळ त्यांनी कडी काढली नाही.

संध्याकाळी तो आला. एकटाच. दाराबाहेर चपला काढून उभा राहिला.

"ये ना आत. असा काय उभा?"

"झालं मॅडम. केंद्र मंजूर झालं. मलेही घेतलं."

"अरे, मग चांगलंच झालं की!"

"हो." तो खाली बसला, खुर्चीवर नाही, फरशीवर, भिंतीला टेकून. "अध्यक्ष साहेब म्हणे, दर बॅचले असंच करून दाखवायचं. पोलिसाइले, बँकवाल्याइले, कॉलेजच्या पोराइले. दर बॅचले एक फोन."

बाई त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"टाळ्या वाजवल्या त्याइनं. तथीही वाजवत. मोठा बकरा फसला की नगारा वाजवायचे, सगळ्याइनं उभं राहून टाळ्या. आज टाळ्या ऐकल्या अन् मले वाटलं, मी तथून निघालोच नाही. तथीच आहो. फक्त जेवण बरं भेटते."

"मग नाही म्हण."

"नाही म्हणून काय करू?" तो पहिल्यांदाच चिडला. "ठाण्यात त्या साहेबाले पत्र दाखवलं तं त्यानं मले खुर्ची देली आज. पह्यल्यांदा. याडीले सांगतलं, कॉलेजात लागलो. ती तांड्यात गूळ वाटून राह्यली. तिले काय सांगू, नको वाटू म्हणून?" मग हळू आवाजात म्हणाला, "अन् मले दुसरं येते काय? हेच येते. लय चांगलं येते. तुमाले माहीत होतं तरी तुमी नंबर सांगतला. खरा."

बाईंना ओशाळल्यासारखं झालं. "मी काय करू रे, तू इतकं प्रेमानं विचारलंस."

"प्रेमानं नव्हतं," तो म्हणाला. मग थांबून म्हणाला, "का होतं, ते मलेच समजून नाही राह्यलं. तुमी खरंच उपाशी होत्या. मले आवाजातून समजते आता. ते तं अजूनच वाईट."

बाहेर अंधारून येत होतं. बाईंनी दिवा लावला. त्या आत गेल्या, पुन्हा बाहेर आल्या. काहीतरी विचारायचं होतं आणि कसं विचारावं ते कळत नव्हतं.

"राजकुमार, तिकडे कोणी फोन ठेवायचं का रे? तुझ्यावर?"

"सुरुवातीले ठेवत. शिव्या देऊन ठेवत. पण जेवलात का इचारायले लागलो, तसा कोणीच नाही ठेवला. एकानंही नाही."

"ठेवावा असं वाटायचं का?"

"ठेवला की मार पडे," तो म्हणाला. "तरी वाटे. रोज वाटे. ठेव ना माय, ठेव. पण मनातल्या मनात बोलून काय होते?"

"मग तुझ्या त्या वर्गात ते शिकवत का नाहीस?"

"काय?"

"ठेवायला. आज त्या लोकांनी काय पाहिलं? म्हातारी कशी फसते ते पाहिलं, टाळ्या वाजवल्या, चहा प्यायले. कसं फसायचं ते सगळ्यांनाच येतं रे. मलाही आलं. फोन कसा ठेवायचा ते मला येत नाही. मी शिकलेली बाई आहे, तरी ते लाल बटण मला दाबता आलं नाही. खरंच नाही आलं."

राजकुमारनं मान वर केली.

"जा," त्या म्हणाल्या. "फाटकापाशी जा आणि मला फोन कर."

"आता?"

"आता. चांगला कर. कच्चा करशील तर मला राग येईल."

तो नाखुशीनं उठला. फाटकापाशी जाऊन त्यानं फोन लावला. बाईंनी उचलला.

"आजी, जेवल्या का?"

"नाही अजून," त्या म्हणाल्या, आणि मग घाईनं, "बरं, ठेवू का?"

"नका ना ठेवू आजी, एकच मिनिट."

"बरं," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. फाटकातून त्याचं हसणं आलं. कितीतरी दिवसांत तो असा हसला नव्हता.

"मॅडम, 'ठेवू का' इचारलं की गेलं सगळं! तो हो म्हणन का? आपले लोक तथीच मरतात. चोराले इचारतात, ठेवू का."

"अरे, न विचारता कसा ठेवायचा? बरं दिसतं का ते?"

"बरं दिसाले तो कोण आहे तुमचा? पुन्हा करतो."

दुसऱ्यांदा त्यांनी "ठेवू का" गिळलं, पण "ठेवते हं, बरं, ठेवते" म्हणत राहिल्या आणि मध्ये त्याला बोलायला जागा मिळाली. त्यानं पाणी घेतलं का विचारलं, त्यांनी घेतलं म्हणून सांगितलं. पुढच्या वेळी त्यांनी बटण दाबलं, पण दाबायच्या आधी "सॉरी हं" म्हणाल्या. तेवढ्यात शेजारच्या मथुराबाई कुंपणापाशी आल्या.

"काय चालू आहे वो यशोधराबाई? पोरगा बाहेर, तुमी आत, अन् फोनवर बोलून राह्यले! मी तं म्हणलं, भांडण झालं का काय."

"फोन ठेवायला शिकतेय, मथुराबाई."

"हे घ्या! अन् इतकी वर्षं काय करत होत्या?"

"उचलत होते," बाई म्हणाल्या. मथुराबाई हसत आत गेल्या.

राजकुमार फाटकाशीच उभा होता. आता तो हसत नव्हता. त्यानं पुन्हा फोन लावला, आणि बाईंना जाणवलं की या वेळी तो काहीच राखून ठेवणार नाही.

"आजी," तो म्हणाला. तोच आवाज, सभागृहातला. ओसरीवरचा. त्यात खरी काळजी होती, यात शंका नाही. "आजी, दिवसभर तुमी एकट्याच होत्या ना? कोणी इचारलं का तुमाले, जेवल्या का म्हणून?"

खरं उत्तर जिभेवर होतं. खिडकीतून तो दिसत होता, पाठमोरा, फोन कानाला, डोकं खाली. तो उत्तराची वाट बघत होता. आणि त्यांना समजलं की तो वाट बघतोय ती उत्तराची नाही.

त्यांनी बटण दाबलं.

घरात एकदम शांत झालं. बाहेर राजकुमार तसाच उभा होता, फोन कानाला धरून. पलीकडे काही नाही हे त्याला कळलं असणार, तरी त्यानं तो खाली घेतला नाही. मग घेतला. त्याकडे बघत राहिला. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि आत आला.

"ठेवला तुमी."

"ठेवला."

"काही न बोलता ठेवला." तो पुन्हा भिंतीला टेकून बसला. "दुखलं, मॅडम. लय दुखलं. बरं वाटलं."

त्यांनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. तो प्याला.

"निकिताला सांग," बाई म्हणाल्या, "दर बॅचला फोन मलाच करायचा. दुसऱ्या कोणाला नाही, आणि विद्यार्थ्यांना तर नाहीच. मी उचलीन, हवं तर जेवीनही. पण फोन मी ठेवल्याशिवाय वर्ग संपायचा नाही. टाळ्या वाजवायच्या असतील तर त्यानंतर वाजवा म्हणावं. आणि मग त्या सगळ्यांनी एकेक करून तुझा फोन ठेवायचा. पोलिसांनीही."

"दर बॅचले तुमी हे करान? दर वेळी असंच होईन मॅडम. मी चांगलाच करीन. मले कच्चं करता येत नाही."

"माहीत आहे."

"तुमी दर वेळी दार लावून बसान."

"बसेन. मग ठेवीन."

"अन् एखाद्या वेळी नाही ठेवता आला तं?"

बाईंनी रिकामा तांब्या उचलून ठेवला. ठाण्यातली हजेरी होती तशीच होती. जबाबाचा निकाल लागायचा होता. तांड्यात गूळ वाटून झाला होता. त्या आवाजातून त्याला आता बाहेर पडता येणार नव्हतं, आणि आजपासून त्यांनाही. फक्त त्यात एक बटण होतं, आणि ते आता त्यांना सापडलं होतं.

"नेरची शेवटची गाडी गेली असेल," त्या म्हणाल्या.

"नाही, आहे अजून."

"मग पोळ्या करते. खाऊनच जा."

तो उठायला लागला, मग बसला. मान खाली घालून म्हणाला, "करा, मॅडम." तांड्यातून आईचा फोन आला तेव्हा बाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांना एवढंच ऐकू आलं, "नाई याडी, जेवलो नाही अजून. मॅडम करून राह्यल्या." तो बाहेर निघून गेला नाही. तिथेच बसून बोलत राहिला.

त्या संध्याकाळी त्यांनी डायरीत लिहिलं: पोळ्या चालू असतानाच गॅसचं सिलिंडर संपलं. भरलेलं लावलं. नव्याचा नंबर उद्या लावायचा आहे.